गाण्याचा सातबारा

१९७५ म्हटलं की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास निघतात, आणीबाणी आणि ‘शोले’. घरात देवभोळं कुणी असेल तर ‘जय संतोषी माँ’ धरून तीन. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, नॅशव्हिल शहरी, त्या सालाचा विषय काढला तर गोष्ट निघते ती एका सिगारेट लायटरची.

त्या वर्षीची १३ ऑक्टोबरची रात्र. कंट्री म्युझिक असोसिएशनचा वार्षिक पुरस्कार सोहळा ऐन रंगात आलेला. सगळ्यात मोठा मान ‘एंटरटेनर ऑफ द इयर’चा. तो जाहीर करायला आदल्या वर्षीचा मानकरी चार्ली रिच मंचावर आला. पांढऱ्याशुभ्र केसांचा, देखणा, भारदस्त गडी. लोक त्याला ‘सिल्व्हर फॉक्स’ म्हणत. पण त्या रात्री हा रुपेरी कोल्हा जरा डुलत होता. बोलणं भरकटत होतं, हातातलं पाकीट उघडता उघडत नव्हतं. अखेर उघडलं. आतल्या नावावर त्याने नजर टाकली, लायटर काढला आणि भरल्या सभागृहादेखत तो कागद पेटवला. कागद जळत असतानाच त्याने सांगून टाकलं, की आपले मित्र जॉन डेन्व्हर जिंकले आहेत. काही जण हसले, काहींना हसावं की पाण्याची बादली मागवावी हे कळेना. खुद्द डेन्व्हर त्या वेळी ऑस्ट्रेलियात होता. उपग्रहाद्वारे त्याचा चेहरा पडद्यावर आला आणि त्याने मोठ्या नम्रपणे सगळ्यांचे आभार मानले. इकडे आपल्या नावाचं दहन झालंय, याचा त्या बिचाऱ्याला पत्ताच नव्हता.

त्या ज्वाळेवर आजवर भाष्यांवर भाष्यं झाली आहेत. एका पंथाचं म्हणणं, तो निषेध होता. डेन्व्हरसारख्या शहरी, चष्मिष्ट, गोडगोड माणसाला कंट्रीचा मुकुट दिला म्हणून अस्सल कंट्रीच्या बाजूने पेटवलेली ती मशाल होती. दुसरा पंथ जिनचा. रिचच्या मुलाने पुढे खुलासा केला, की वडिलांच्या पायाचं हाड मोडलं होतं, दुखण्यावरच्या गोळ्या चालू होत्या, त्यावर जिन-टॉनिक पडलं आणि कागद पेटवणं ही त्यांना गंमत वाटली. मला हा दुसरा पंथ जवळचा वाटतो. पण शुद्ध हरपलेल्या माणसाचा हातसुद्धा कुठल्या तरी एका दिशेलाच जातो, हेही नाकारता येत नाही.

तर तक्रार अशी, की डेन्व्हर अस्सल नाही. कंट्री म्हणजे कसं, गावच्या मातीतलं हवं. ठीक आहे. मग ज्याने कागद पेटवला त्याचाच सातबारा आधी काढून बघू. चार्ली रिच आर्कान्सातल्या कोल्ट नावाच्या खेड्यातला. इथवर नोंद साफ आहे. पण पुढे इतर हक्कांच्या रकान्यात बराच मजकूर सापडतो. त्याचा जीव जॅझवर. शाळेतली पोरं त्याला जॅझ बँडवाल्या स्टॅन केंटनवरून चार्ली केंटन म्हणून हाक मारायची. तारुण्यात मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्समध्ये तो पियानो वाजवत होता, रॉक अँड रोल गात होता. १९७३ मध्ये ज्या ‘बिहाइंड क्लोज्ड डोअर्स’ने त्याला घराघरांत पोहोचवलं, ते बिली शेरिल नावाच्या निर्मात्याच्या गुळगुळीत शैलीतलं, दिवाणखान्यात शोभेल असं गाणं. म्हणजे शेजाऱ्याचं अतिक्रमण हटवायला निघालेल्या या माणसाचं स्वतःचं घरही गावठाणाबाहेरच होतं.

आरोपी जॉन डेन्व्हर आपल्याला परका नाही. पुण्या-मुंबईच्या कुठल्याही हॉस्टेलात गिटार घेऊन बसलेल्या मुलाला चार कॉर्ड जमले, की तो ‘टेक मी होम, कंट्री रोड्स’ धरतो, आणि मग लातूर, भुसावळ, इचलकरंजीहून आलेली पोरं सहलीच्या बसमध्ये वेस्ट व्हर्जिनियाच्या आठवणीने व्याकूळ होतात. मला यात काही गैर वाटत नाही. कारण ज्या बिल डॅनॉफच्या डोक्यात हे गाणं आधी उगवलं, तोही तोवर वेस्ट व्हर्जिनियाला गेलेला नव्हता. डॅनॉफ आणि टॅफी निव्हर्ट मेरीलंडमधल्या क्लॉपर रोडने तिच्या नातेवाइकांच्या मेळाव्याला चालले होते, तेव्हा त्याला ते सुचलं. पुढे डेन्व्हरबरोबर बसून तिघांनी ते पुरं केलं. डॅनॉफ मूळचा मॅसॅच्युसेट्सचा. त्यात वर्णन केलेली डोंगररांग आणि नदी बरीचशी शेजारच्या व्हर्जिनियात आहे, वेस्ट व्हर्जिनियाच्या पूर्वेकडच्या टोकाला तिचा जेमतेम स्पर्श होतो. एवढं असून २०१४ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाने त्या गाण्याला अधिकृत राज्यगीत करून टाकलं. तलाठ्याने भूगोलाकडे काणाडोळा केला आणि फेरफार मंजूर झाला.

डेन्व्हरचं खरं नाव हेन्री जॉन डॉइचेनडॉर्फ. जन्म न्यू मेक्सिकोतला, वडील हवाई दलात, त्यामुळे बालपण बदल्यांमागून बदल्यांत गेलं. पुढे ते लांबलचक आडनाव बाजूला ठेवून त्याने कोलोरॅडोच्या राजधानीचं नाव लावलं. सरकारी क्वार्टरांत वाढलेल्या मुलांना विचारून बघा, ‘तुमचं गाव कोणतं’ या प्रश्नाला ती जरा थांबूनच उत्तर देतात. घरी परतायची इतकी गाणी अशाच माणसाने म्हटली, याचं मला तरी नवल वाटत नाही. १९७५ मध्ये त्याचं ‘थँक गॉड आय ॲम अ कंट्री बॉय’ कंट्री आणि पॉप अशा दोन्ही याद्यांत पहिल्या जागी जाऊन बसलं. आपण खेड्यातले आहोत याबद्दल देवाचे आभार मानणारं हे गाणं डेन्व्हरच्या बँडमधल्या जॉन सॉमर्सने रचलं, तेही ॲस्पेनहून लॉस एंजेलिसकडे गाडी हाकता हाकता. ॲस्पेन म्हणजे धनवंतांचं बर्फावर घसरायचं गाव. खेडं त्याच्या गाडीच्या मागच्या आरशातही दिसत नसणार.

हे भांडण लायटरपासून सुरू झालेलं नव्हतं. आदल्या वर्षी, १९७४ मध्ये, सर्वोत्तम गायिकेचा मान ऑलिव्हिया न्यूटन-जॉनला मिळाला होता. इंग्लंडात जन्मलेली, ऑस्ट्रेलियात वाढलेली गोरीगोमटी पॉप गायिका. नॅशव्हिलच्या जुन्या खोडांचं डोकंच फिरलं. जॉर्ज जोन्स आणि टॅमी वायनेट या नवराबायकोच्या घरी बैठक भरली आणि ‘असोसिएशन ऑफ कंट्री एंटरटेनर्स’ नावाची नवी संघटना निघाली, कंट्रीचं सोवळं सांभाळायला. आपल्याकडे नाट्यसंमेलनात ज्या आवेशाने ठराव मांडले जातात, त्याच आवेशाने तिथे बोलणं झालं असणार.

या बैठकीच्या यजमानांबद्दल थोडं सांगायला हवं. जॉर्ज जोन्सचा आवाज असा, की फोनची डिरेक्टरी वाचून दाखवली तरी ऐकणाऱ्याने डोळे पुसावेत. पण बाटलीशी सलगी फार. आधीच्या बायकोने एकदा गाड्यांच्या किल्ल्या लपवून ठेवल्या, तर हा पठ्ठ्या गवत कापायच्या यंत्रावर बसून, मैलोगणती रस्ता तुडवत दारूच्या दुकानी गेला. ही गोष्ट त्याने स्वतःच पुढे मिटक्या मारत सांगितली. टॅमीचं सर्वात गाजलेलं गाणं म्हणजे ‘स्टँड बाय युवर मॅन’, नवरा कसाही असला तरी त्याच्या पाठीशी उभं राहण्याचं. तिने स्वतः पाच लग्नं केली. एका अर्थी पाच पुरुषांच्या पाठीशी ती उभी राहिली असंही म्हणता येईल. कंट्रीच्या पावित्र्यासाठी बैठक भरवलेलं हे घर १९७५ उजाडल्यावर लवकरच मोडलं, दोघांचा घटस्फोट झाला. आणि १९७६ मध्ये त्याच दोघांनी एकत्र गायलेलं, लग्नाच्या अंगठीची कहाणी सांगणारं ‘गोल्डन रिंग’ पहिल्या नंबरवर गेलं. दुःख घरचं असलं की सूर लावायला वेळ लागत नाही.

संघटनेचं पुढे फार काही झालं नाही. सोवळ्याच्या बाजूने असलेल्या मंडळींत डॉली पार्टन होती, आणि तीनेक वर्षांत तिचंच ‘हिअर यू कम अगेन’ पॉपच्या यादीत तिसऱ्या जागी पोहोचलं. तिची धाकटी बहीण स्टेला तर ऑलिव्हियाची बाजू घेणारं गाणंच गाऊन मोकळी झाली. आणि परदेशीपणाची एवढीच चीड होती तर हँक स्नोचं काय? तो कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाचा. १९५० पासून नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’चा लाडका कलाकार. त्याच्याकडे कुणी पासपोर्ट मागितला नाही. मला वाटतं, टोपी नीट बसली की सरहद्द आपोआप ओलांडली जाते.

ऑप्रीचं नाव निघालंच आहे, तर या अस्सलपणाची मूळ कागदपत्रंच तपासू, कारण १९७५ हे ऑप्रीच्या सुवर्णमहोत्सवाचंही साल होतं. ऑप्री म्हणजे दर शनिवारी रात्री चालणारा रेडिओचा जाहीर कार्यक्रम. कंट्रीवाल्यांची पंढरीच ती. हे देवस्थान स्थापन कुणी केलं? एका विमा कंपनीने. नॅशनल लाइफ अँड ॲक्सिडेंट या नॅशव्हिलच्या कंपनीने १९२५ मध्ये डब्ल्यूएसएम नावाचं रेडिओ स्टेशन काढलं. नोव्हेंबरात जॉर्ज हे नावाच्या निवेदकाने सत्त्याहत्तर वर्षांच्या अंकल जिमी थॉम्पसनला फिडल घेऊन माइकसमोर बसवलं आणि पत्रांचा पाऊस पडला. विमा विकणाऱ्यांना आणखी काय हवं? ज्या दारात एजंट जाणार, त्या दाराआड आधीच कंपनीचं गाणं पोहोचलेलं.

हा जॉर्ज हे मोठा कल्पक. मूळ इंडियाना राज्यातला, पेशाने वर्तमानपत्रवाला. त्याच्या कार्यक्रमात वाजवायला डॉ. हम्फ्री बेट यांचा चमू येई. डॉक्टर व्हँडरबिल्ट विद्यापीठातून वैद्यकी शिकलेले, दवाखाना चालवणारे, सुटाबुटातले गृहस्थ. हे साहेबांनी त्यांच्या चमूला ‘पॉसम हंटर्स’ असं नाव दिलं, म्हणजे पॉसम नावाचं रानटी जनावर मारत हिंडणारी टोळी. मग मंडळींनी सूट उतरवले, शेतकऱ्याचे ओव्हरऑल चढवले आणि मक्याच्या शेतात उभं राहून फोटो काढले. पुढे मिनी पर्ल आली. टोपीला एक डॉलर अठ्ठ्याण्णव सेंटच्या किमतीची चिठ्ठी तशीच लोंबत ठेवून, ‘हाउडी’ अशी आरोळी ठोकणारी भाबडी गावंढळ मुलगी. तिला बघून अमेरिका पोट धरधरून हसली. प्रत्यक्षात त्या सेरा कॉली, चांगल्या घरच्या, वॉर्ड-बेलमाँट या नामांकित मुलींच्या कॉलेजात नाट्यशिक्षण घेतलेल्या बाई. गावातल्या माणसाने शहरात येताना इस्त्रीचे कपडे घालावेत आणि शहरातल्या रेडिओने त्याला ते उतरवून धोतर नेसवावं, असा हा सगळा प्रकार.

१९७४ मध्ये ऑप्री जुन्या रायमन सभागृहातून ऑप्रीलँडच्या नव्या, वातानुकूलित इमारतीत गेली. जाताना जुन्या रंगमंचाच्या फळ्यांचा सहा फुटी गोल कापून नेला आणि नव्या मंचाच्या मधोमध बसवला. गायक त्या गोलात उभं राहून गातो. अस्सलपणा इतका मोजूनमापून बसवलेला मी दुसरीकडे पाहिला नाही. चार्ली रिचने कागद पेटवला तो याच मंचावर. राख गोलाच्या आत पडली की बाहेर, यावर कुणी संशोधन केलं तर वाचायला आवडेल.

त्याच १९७५ च्या मे महिन्यात बॉब विल्स गेला. टेक्ससचा फिडलवाला. फिडलच्या जोडीला सॅक्सोफोन, ट्रंपेट, ड्रम्स आणून त्याने नाचायला लावणारं ‘वेस्टर्न स्विंग’ उभं केलं. १९४४ च्या अखेरीस तो ऑप्रीत आला तेव्हा तिथल्या कारभाऱ्यांना त्याच्या ड्रम्सचा विटाळ झाला. वाजवायचेच तर पडद्याआड वाजवा, असा निरोप गेला म्हणतात. आपल्याला हसायचा अधिकार नाही. आपल्या आकाशवाणीने १९४० पासून तीन दशकं पेटीला वाळीत टाकलं होतं, विलायती म्हणून, आणि त्याच काळात नाट्यगीतांवर पोसलेला महाराष्ट्र पेटीशिवाय घसाही खाकरत नव्हता. विल्स वारला तेव्हा मात्र तो अस्सल कंट्रीचा मूळपुरुष ठरलेला होता. १९६८ पासून कंट्रीच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याची स्थापना झालेली होती, आणि नवीन पोरांना त्याचंच नाव घेऊन दटावण्यात येत होतं.

गोव्यात आणि वांद्र्याच्या ख्रिस्ती घरांत ज्याच्या रेकॉर्डींवाचून नाताळ पुरा होत नसे, त्या जिम रीव्हजचीही तीच गत. टेक्ससचाच माणूस. माइकजवळ तोंड नेऊन मखमली आवाजात गायला लागला, फिडल जाऊन व्हायोलिनं आली, तेव्हा हे कसलं कंट्री, म्हणणारे होतेच. १९६४ मध्ये विमान अपघातात तो गेला आणि गेल्यावर तीनच वर्षांत हॉल ऑफ फेममध्ये विराजमान झाला.

१९७५ मध्ये खऱ्याखुऱ्या मातीचा वास येतो तो विली नेल्सनच्या ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’ला. पण तिथेही थोडं थांबून बघावं. साठच्या दशकात विली नॅशव्हिलमध्ये होता. गुळगुळीत दाढी, सूट, टाय. ‘क्रेझी’सारखी गाणी लिहून दुसऱ्यांना मोठं करत होता आणि स्वतःच्या रेकॉर्डींवर निर्माते व्हायोलिनं ओतत होते. १९७० च्या डिसेंबरात त्याचं घर जळालं. आगीत शिरून त्याने दोनच गोष्टी वाचवल्या, गिटार आणि गांजाची पिशवी. माणसाला आयुष्यात काय हवं ते नेमकं ठाऊक असावं तर असं. मग तो टेक्ससला परतला, ऑस्टिनच्या हिप्पी पोरांत रमला, केस वाढवले, दाढी राखली, कपाळाला पट्टी बांधली. चाळिशी गाठल्यावर त्याला आपला तो अस्सल, अनादी वाटणारा चेहरा सापडला.

‘रेड हेडेड स्ट्रेंजर’ त्याने टेक्ससमधल्या गार्लंडच्या एका स्टुडिओत अगदी थोडक्या खर्चात उरकला. गिटार, बहीण बॉबीचा पियानो, माउथ ऑर्गन, आणि मधेमधे भरपूर शांतता. बायको आणि तिचा प्रियकर यांना मारून घोड्यावरून हिंडणाऱ्या धर्मोपदेशकाची कथा. कोलंबिया कंपनीच्या साहेबांनी ऐकलं आणि त्यांना वाटलं हा कच्चा नमुना आहे, आता पक्का कधी करणार? करारात मात्र शेवटचा शब्द विलीचा होता. त्यातलं ‘ब्लू आइज क्राइंग इन द रेन’ ऑक्टोबरच्या सुरुवातीला, म्हणजे लायटरच्या आदल्याच आठवड्यात, पहिल्या नंबरवर होतं. गायक म्हणून विलीचं ते पहिलंच अव्वल गाणं. आणि या सगळ्यात साध्या, सगळ्यात मातीतल्या गाण्याचा कर्ता कोण? फ्रेड रोझ. शिकागोत बाजारी पॉप गाणी लिहिण्यात हयात घालवून मग नॅशव्हिलला आलेला गृहस्थ. सातबाऱ्याचा हा नादच वाईट. एका जागी खोडलं की दुसरीकडे कुणाचं तरी नाव वर येतंच.

बाकीची यादी भराभर सांगतो. ग्लेन कॅम्पबेलचं ‘राइनस्टोन काउबॉय’ दोन्ही याद्यांत पहिलं आलं. कॅम्पबेल आर्कान्सातल्या शेतकऱ्याचा पोरगा, पण गाणं लॅरी वाइस नावाच्या न्यूयॉर्कमध्ये वाढलेल्या माणसाचं. काउबॉयला गाईचं दर्शन गाण्यात शेवटपर्यंत घडत नाही. रॉबर्ट आल्टमनने या शहरावर ‘नॅशव्हिल’ नावाचा सिनेमाच काढला. नटनट्यांनी त्यातली बरीच गाणी स्वतः रचली, ती ऐकून नॅशव्हिलकरांनी नाकं मुरडली आणि त्यातल्या एका गाण्याला ऑस्कर मिळालं. आणि डेव्हिड ॲलन को याने ‘यू नेव्हर इव्हन कॉल्ड मी बाय माय नेम’ गायलं. त्यात मधेच गाणं थांबवून तो सांगतो, की परिपूर्ण कंट्री गाण्यात आई, आगगाडी, ट्रक, तुरुंग आणि दारू एवढं सगळं यायलाच हवं, आणि मग एका कडव्यात ते सगळं कोंबून दाखवतो. गाणं लिहिलं शिकागोच्या ज्यू कुटुंबातल्या स्टीव्ह गुडमनने. बरोबर जॉन प्राइनचा हात होता, पण नॅशव्हिलवाले दुखावतील म्हणून त्याने आपलं नाव लावू दिलं नाही. दुखावण्याऐवजी नॅशव्हिलवाले आजही ते गाणं बारमध्ये एका सुरात ओरडत असतात.

गुडमनने थट्टेत मांडलेल्या या अटी जवळजवळ खऱ्या आयुष्यात पुऱ्या करणारा एक माणूस त्या वर्षी वर आला. टेक्ससच्या सीमेवरच्या सॅन बेनिटोचा बाल्देमार वेर्ता. आईबाप मेक्सिकन वंशाचे, हंगामाप्रमाणे शेतं बदलत मजुरी करणारे. गांजा सापडला म्हणून तो लुइझियानातल्या अँगोला तुरुंगात काही वर्षं राहून आला, नंतर गाड्या दुरुस्त करत होता. गोऱ्यांना खपावं म्हणून त्याने गिटारवर लिहिलेलं कंपनीचं नाव आडनाव म्हणून घेतलं आणि तो झाला फ्रेडी फेंडर. ‘बिफोर द नेक्स्ट टिअरड्रॉप फॉल्स’ हे गाणं त्याच्याआधी बऱ्याच जणांनी गाऊन टाकून दिलं होतं. त्याने मधलं कडवं स्पॅनिशमध्ये गायलं आणि ते दोन्ही याद्यांत अव्वल ठरलं. शेत, मजुरी, तुरुंग, गॅरेज, सगळं अस्सल. खोटं काय ते फक्त नाव.

आणि मग लोरेटा लिन. हिचा सातबारा कुणी काढायची गरजच नाही. केंटकीतल्या बुचर हॉलोची, कोळसा खाणीतल्या मजुराची मुलगी, भावंडांच्या लेंढारात वाढलेली. पंधराव्या वर्षी लग्न, विशीच्या आसपास चार मुलं, पुढे जुळ्या मुली धरून सहा. तिने गायलं ते घरातलं. नवऱ्याचं पिणं, त्याच्यावर डोळा ठेवणाऱ्या बायका, कपड्यांचे ढीग. १९७२ मध्ये तिने एक गाणं ध्वनिमुद्रित केलं होतं. ते कंपनीने घाबरून तीन वर्षं फडताळात ठेवलं आणि अखेर १९७५ मध्ये बाहेर काढलं. नाव ‘द पिल’. वर्षानुवर्षं पाळणा हलवून दमलेली एक बाई नवऱ्याला बजावते, की आता माझ्याकडे गोळी आहे, तुझं राज्य संपलं. तेही कसं, तर रडत नाही, मजेत, ठेक्यात.

इतकी वर्षं अस्सल, मातीतलं, घरातलं हवं म्हणून टाहो फोडणाऱ्या रेडिओ स्टेशनांना हे घरातलं एकदम जास्तच घरातलं वाटलं. कितीतरी स्टेशनांनी गाण्यावर बंदी घातली. पाद्री चर्चमध्ये तिच्याविरुद्ध बोलले. खून करून घोड्यावर बसलेला विलीचा धर्मोपदेशक चालतो, दारू पिऊन लोळणारे शेकडो नायक चालतात, पण बाईने डबीतून गोळी काढलेली चालत नाही. त्याच दिवसांत आपल्याकडे गावोगावच्या भिंतींवर लाल त्रिकोण रंगवलेला होता आणि सरकार रेडिओवरून छोट्या कुटुंबाचे पोवाडे गात होतं. लोरेटा महाराष्ट्रात जन्मली असती तर कुटुंबनियोजन खात्याने तिला जीप देऊन तालुक्या-तालुक्यातून फिरवलं असतं. तिकडे मात्र बंदीची बातमी झाली, बातमीने खप वाढला आणि गाणं कंट्रीच्या यादीत पाचव्या जागेपर्यंत गेलं. खेड्यापाड्यांतले डॉक्टर पुढे तिला येऊन सांगत, की आमच्या सगळ्या पत्रकांनी जे झालं नाही ते तुमच्या गाण्याने झालं. लोरेटाने हे मुलाखतीत सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात बढाई नसावी, असं मी धरून चालतो. सहा मुलांच्या आईला बढाईला सवड कुठून मिळणार?

रक्ताने अस्सल म्हणावा असाही एक जण होता, हँक विल्यम्स ज्युनियर. कंट्रीचा ज्ञानोबा म्हणावा असा त्याचा बाप एकोणतिसाव्या वर्षी, १९५३ च्या पहिल्याच दिवशी, मोटारीच्या मागच्या सीटवर गेला. पोराला आठव्या वर्षी मंचावर उभं केलं ते बापाची गाणी बापासारखी गायला. चौदाव्या वर्षी बापाच्या जीवनपटात त्यानेच आवाज दिला. आपल्याकडच्या घराण्यांतल्या मुलांना हे दुःख सांगावं लागणार नाही. १९७५ च्या ऑगस्टमध्ये तो मोंटानातल्या एजॅक्स शिखरावरून पाचेकशे फूट खाली कोसळला. चेहऱ्याचा चेंदामेंदा झाला, शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या, बोलायला आणि गायला पुन्हा शिकावं लागलं. व्रण झाकायला त्याने दाढी वाढवली, काळा चष्मा लावला, टोपी घातली, आणि गायला लागला तो स्वतःचं, दणदणीत, बापाशी सूर न जुळवणारं. पुढे १९८७ आणि १९८८ अशी लागोपाठ दोन वर्षं तो ‘एंटरटेनर ऑफ द इयर’ झाला. पाकिटं सुरक्षित राहिली.

चार्ली रिचची गाडी त्या रात्रीनंतर पूर्वीच्या वेगाने काही धावली नाही. पण १९९२ मध्ये त्याने ‘पिक्चर्स अँड पेंटिंग्ज’ नावाचा अल्बम काढला, पियानोवर बसून, जॅझच्या अंगाने, मनासारखा. समीक्षकांनी डोक्यावर घेतला. तीन वर्षांनी तो गेला. कंट्रीच्या रखवालदाराचं शेवटचं काम कंट्री नव्हतं आणि ते त्याच्या सर्वात चांगल्या कामांत मोजलं जातं.

राहता राहिला वर्षअखेरीचा बार. डिसेंबरात कंट्रीच्या यादीत अव्वल ठरलं सी. डब्ल्यू. मॅकॉलचं ‘कॉन्व्हॉय’. तेलटंचाईमुळे सरकारने ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा लावलेली, ट्रकवाले वैतागलेले, पोलिस कुठे टपलेत ते एकमेकांना सीबी रेडिओवर सांगत सुटलेले. त्या ट्रकवाल्यांच्या बंडाची ही रांगडी कहाणी, त्यांच्याच बोलीत. देशात सीबी रेडिओचं असं वेड पसरलं, की राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांनीही एक टोपणनाव घेतलं, ‘फर्स्ट ममा’. आणि मॅकॉल? असा कुणी ट्रक ड्रायव्हर नव्हताच. ओमाहा शहरातल्या जाहिरात कंपनीत बिल फ्राइज नावाचे गृहस्थ होते. ‘ओल्ड होम’ पावाच्या जाहिरातींसाठी त्यांनी पावाची गाडी हाकणारा एक ड्रायव्हर कल्पिला. टीव्हीवर दिसायचा तो भाडोत्री नट, मागचा घोगरा आवाज फ्राइज यांचा. पाव खपला, मग लोक त्या ड्रायव्हरचीच गाणी मागू लागले. चाली बांधणारा चिप डेव्हिस नंतर ‘मॅनहाइम स्टीमरोलर’ काढून नाताळगाणी विकण्यात गबर झाला.

फ्राइज यांनी काही वर्षांतच गाण्याचा धंदा आवरता घेतला आणि ते कोलोरॅडोतल्या डोंगरांत, उरे नावाच्या चिमुकल्या गावी राहायला गेले. रमले. गावकऱ्यांनी १९८६ मध्ये त्यांना महापौर म्हणून निवडून दिलं आणि सहा वर्षं त्यांनी तिथला कारभार पाहिला. जॉर्ज जोन्स, टॅमी आणि मंडळींच्या त्या बैठकीत हे सांगितलं असतं तर कुणाचा विश्वास बसला नसता, पण १९७५ च्या त्या सगळ्या गोतावळ्यात खरोखरीचं गाव वाट्याला आलं ते पाववाल्या फ्राइज यांच्या, आणि तेही रीतसर मतदान होऊन.